सुनेच्या गादीतल्या बांगड्या

आमच्या शेजारच्या सुनेला जुन्या गोष्टींचं भारी कौतुक. परवा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "मावशी, तुमचं त्या वेळचं जगणं किती छान होतं ना. गावोगाव फिरायचं, आज इथे, उद्या तिथे. कसली कटकट नाही." मी हातातली भाजी खाली ठेवली. म्हटलं, बाई गं, तू एकदा परक्याच्या अंगणात चपलांशेजारी बसून जेव, आणि मग मला सांग कसली कटकट नाही ते. वाईट वाटलं असेल तिला. वाटू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आम्ही पिंजारी. म्हणजे नवरा पिंजारी आणि मी शिवणारी. लोकांच्या दबून दगड झालेल्या गाद्या-उशा उसवायच्या, आतला कापूस पिंजून मोकळा करायचा, परत भरायचा आणि टाके घालायचे, हे आमचं काम. त्याच्या खांद्यावर पिंजण, म्हणजे त्याच्याहून लांब अशी लाकडी कमान आणि तिला ताणून बांधलेली तात. माझ्या डोक्यावर बोचकं. त्यात दाभणं, दोऱ्याची रिळं, एक पातेलं आणि पांघरुणं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. वर्षातले कोरडे महिने एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जायचं आणि ज्याने बोलावलं त्याच्या अंगणात बसायचं.

गावात शिरलो की कुणीतरी ओरडायचं, पिंजारी आले. ते ऐकून बायका दोन कामं करायच्या. गाद्या बाहेर आणायच्या आणि दोरीवरचे कपडे आत न्यायच्या. माझे वडील शिंपी, दुकानात बसून शिवणारे, त्यामुळे मला फिरस्तीचं काही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला वाटलं, कापूस उडून कपड्यांना लागेल म्हणून नेत असतील. नवऱ्याला तसं म्हटलं तर तो नुसता हसला. मग एका घरी मी पाणी मागितलं आणि बाईने तांब्या एवढा उंच धरून ओतला की निम्मं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, तेव्हा माझं मलाच कळलं.

नवऱ्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर मी 'अहो' म्हणायची, पण तो गेल्यापासून मीही घुम्याच म्हणते. आता कोण रागावणार आहे? बोलणं असं त्याला ठाऊकच नव्हतं. जेवण झालं का, तर मान हलवायची. ताप आलाय का, तरी मान हलवायची. मी त्याच्या वाटचंही बोलायचे, आणि मला ते कमी पडत नसे. पिंजायला बसला की मात्र आख्खी गल्ली दणाणून सोडायचा. लाकडी दांडक्याने तातीवर ठोका मारला की कापूस थरारून उठायचा आणि धूळ त्याच्या नाकातोंडात जायची. भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पांढरं. संध्याकाळी तोंड धुतल्यावर तो परत तरुण व्हायचा. तेवढी एक गंमत होती त्या धंद्यात.

त्याचा एक नियम होता. त्याच्या बापाचा आणि बापाच्या बापाचाही तोच. गादीतून जे निघेल ते त्या गादीवर जो झोपतो त्याच्याच हातात द्यायचं. घरमालकाच्या नाही, मजुरी देणाऱ्याच्या नाही. आणि दिल्यावर विसरायचं. माणसं गादीत काय काय लपवतात ते पिंजाऱ्याला विचारावं. एका म्हाताऱ्याच्या उशीतून साखरेचे खडे निघाले. त्याची सून ओट्यावरून विचारते, "या उशीला मुंग्या कशा हो लागतात?" घुम्याने खडे फडक्यात बांधून म्हाताऱ्याच्या मुठीत दिले आणि सुनेकडे बघून मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या एका घरी उशीतून तान्ह्या बाळाचं टोपडं निघालं. त्या बाईचं मूल जाऊन बरेच दिवस झाले होते आणि तिच्या सासूने बाळाची एकूण एक वस्तू जाळून टाकली होती. हे आम्हाला शेजारणीकडून कळलं. घुम्याने टोपडं तिच्या हातात दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत त्याच्यापुढे धरलं. त्याने पिंजलेला सगळ्यात मऊ कापूस घेतला, त्याच्या मधोमध टोपडं ठेवलं आणि उशी भरली. मी टाके घातले. तेव्हा मला त्याच्या नियमाचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

पण ज्या नियमाने माझ्या माणसाला चोर केलं, त्याचा मी किती दिवस अभिमान बाळगायचा?

आमच्या वाटेवर एक मोठं घर होतं. तेलाच्या घाण्याचे मालक. अंगणभर पेंडीचा वास, आणि घरात राज्य मालकाच्या आईचं. तिला सगळे थोरल्या बाई म्हणत. थोरल्या बाई नाकाने कांदे सोलणाऱ्यांतल्या. आम्ही वर्षानुवर्षं येतोय, तरी दर वेळी उशा देताना आणि परत घेताना मोजणार. मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याचं नवीन लग्न झालेलं. सून अगदी कोवळी, बोलली तर ऐकू येणार नाही अशी. त्या वर्षी थोरल्या बाईंनी स्वतःच्या मुलीचं लग्न ठरवलं होतं आणि सुनेने माहेरून आणलेल्या सोन्याच्या बांगड्या मोडून त्या मुलीला दागिना करायचा होता. हे काही गुपित नव्हतं. त्या ओट्यावर बसून भरल्या अंगणात बोलत होत्या. वड्याचं तेल वांग्यावर काढायची घाण्याच्या घरात सवयच असणार.

सून नदीवर धुणं घेऊन गेली होती. तेवढ्यात थोरल्या बाईंच्या मनात आलं की लग्नाला पाहुणे येतील, घरातल्या सगळ्याच गाद्या पिंजून घ्याव्यात. सुनेचीही बाहेर आली. घुम्याने ती उसवली, कापसात हात घातला आणि थांबला. मी समोरच बसले होते. त्याच्या हातात जुन्या ओढणीत बांधलेलं एवढंसं गाठोडं होतं. गाठ सैल होती. आत बांगड्या. दोन्ही टोकांना माशांची तोंडं कोरलेल्या, तशा मी आधी कुठे पाहिल्या नव्हत्या. सासूच्या हाती लागू नयेत म्हणून पोरीने गादीत घातल्या होत्या. घुम्याने गाठोडं कापसाच्या ढिगाखाली सारलं आणि पिंजायला लागला.

सून परत आली, अंगणात आपली गादी उसवलेली पाहिली, आणि तिच्या डोक्यावरचं धुणं पडता पडता राहिलं. मग ती तांब्या घेऊन आमच्याकडे आली. पाणी वाकून दिलं तिने, तेवढं मान्य करते. घुम्याने तांब्या परत करताना त्याखाली कापसाचा बोळा धरला आणि त्या बोळ्यात गाठोडं. तिने ते कमरेला खोचलं. घुम्या परत पिंजायला लागला. ज्याचं त्याला दिलं, झालं.

संध्याकाळी गाद्या भरून झाल्या, टाके घालून झाले, आम्ही मजुरीसाठी ओट्याखाली उभे होतो. आतून थोरल्या बाईंचा आवाज आला. त्यांनी सुनेची पेटी उघडली होती. बांगड्या नव्हत्या. त्या सुनेला दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी पेटीत होत्या?"

पोरगी काहीही म्हणू शकली असती. आठवत नाही म्हणाली असती. रडली असती. ती म्हणाली, "होत्या."

संपलं. सकाळी होत्या, संध्याकाळी नाहीत, आणि दिवसभर अंगणात कोण, तर पिंजारी. आम्ही अंगणातून घरात पाऊल ठेवलं नव्हतं, पण ते कोण विचारतो? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला माणसांना वेळ लागत नाही. दिवसभर पिंजून भरलेल्या गाद्या त्यांनी आमच्यासमोर परत फाडल्या. माझं बोचकं उलटं केलं. मग मला गोठ्यात नेलं आणि थोरल्या बाईंनी माझ्या अंगावरची साडी सोडायला लावून झाडून पाहिली. कंदील धरायला सून. ती उजेड धरून उभी होती, आणि बांगड्या तिच्या कमरेला होत्या. मी तिच्याकडे बघत होते. तिने एकदाही वर पाहिलं नाही. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

साडी नेसून बाहेर आले आणि घुम्याला म्हटलं, "अहो, सांगा यांना. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते." त्याने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर तिथे वळ उठला. म्हणाला, "गप्प राहा." नवऱ्याचं ऐकायचं असतं, हेच डोक्यात भरलेलं. राहिले गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मालकाने आणखी दोनदा विचारलं, घुम्याने उत्तर दिलं नाही. तेव्हा त्याने आमचं पिंजण उचललं, विळ्याने तात कापली आणि कमान पायरीवर आडवी टाकून तिच्यावर उभा राहिला. ती घुम्याच्या आजोबांच्या हातची होती. एकदाच मोठा आवाज झाला.

वाटेत मी एवढी बोलले की माझा घसा बसला. तो ऐकत चालला होता. शेवटी म्हणाला, "तिला त्या घरात राहायचंय. आपल्याला पुढच्या गावाला जायचंय."

अहो, कुठल्या पुढच्या गावाला? आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचलेली. बांगडीचोर पिंजारी. ज्या घरांनी आमच्याकडून आपल्या बापजाद्यांच्या गाद्या भरून घेतल्या, त्यांनी दारं लावली. तो उशीत साखर लपवणारा म्हातारासुद्धा खिडकीतून आत सरकला. नवं पिंजण करून घेतलं असतं, पण वाजवायचं कुणाच्या अंगणात? मग या गावात आलो, ही खोली घेतली. घुम्या वखारीत पोती उचलायला लागला. मी दुकानासाठी रजया शिवायची. मुलगी झाली, मोठी झाली, तिचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण कुणीतरी जाऊन सांगितलं की बाप कोण. नंतर तिचं लांब कुठे तरी झालं. ती सासरी बाप हमाल होता म्हणून सांगते. हमाल चालतो, पिंजारी चालत नाही.

दर वेळी मी म्हणायचे, आता तरी तोंड उघडा. मुलीसाठी उघडा. तो मान हलवायचा. पालथ्या घड्यावर पाणी. आयुष्यभर मी एका भिंतीशी भांडले, आणि लोकांना वाटायचं, काय कजाग बायको आहे, बिचारा किती शांत. शांत माणसाच्या बायकोला काय सोसावं लागतं ते कुणी लिहून ठेवत नाही.

मग त्याची छाती भरली. तरुणपणी खाल्लेली कापसाची धूळ आणि वखारीतली धूळ. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मी ठरवलं, हा चोर म्हणून मरणार नाही. मी जिवंत असताना तरी नाही.

मी त्या घरी गेले. थोरल्या बाई कधीच गेल्या होत्या, मालकही गेला होता. सून आता घरची मालकीण, केस पांढरे, अंगाने भरलेली. मला पाहिलं आणि ओळखलं, पहिल्या झटक्यात. पदराखाली हात घेतला, पण मी त्याआधी पाहिलं होतं. मनगटावर त्याच बांगड्या. माशांची तोंडं. सासू गेल्यावर नवीन करून आणल्या म्हणून सांगितलं असणार घरात.

"सासूबाईंनी मला जिवंत ठेवलं नसतं," ती म्हणाली.

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली?" मी विचारलं.

ती उठून आत गेली आणि बटवा घेऊन आली. मला पैसे देऊ लागली. मी म्हटलं, पैसे ठेव तुझ्याजवळ. माझ्या खोलीत ये आणि त्याच्यासमोर बोल, गल्लीला ऐकू जाईल असं. आली नाहीस तर मी इथेच बसते. आणि बसलेच. ओट्यावर ठाण मांडलं. येणारेजाणारे विचारू लागले, कोण ही म्हातारी? तेव्हा ती म्हणाली, येते.

आली. मुलाच्या मोटारीतून, मुलाला घेऊन. मुलगा चांगला होता, चपला बाहेर काढून आत आला. त्याला तिने एवढंच सांगितलं होतं की जुना कामाचा माणूस आजारी आहे. दारात गल्लीतली माणसं जमली. मी स्टूल पुढे केलं. घुम्या गादीवर टेकून बसला होता. त्याने तिला ओळखलं. मग त्याची नजर तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलावर गेली आणि तिथेच राहिली.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी, त्या बांगड्या..."

मुलगा पुढे झाला. "कुठल्या बांगड्या, आई? त्या चोरीला गेलेल्या? म्हणजे हेच का ते पिंजारी?"

मी म्हटलं, बोल, आता बोल. आणि बोलला कोण, तर घुम्या. धाप लागत होती, तरी स्पष्ट बोलला. "हो, मीच तो. मी घेतल्या होत्या, बाळ. तुझ्या आईची माफी मागायला तिला बोलावलं मी."

मी तिच्याकडे पाहिलं. आता तरी म्हणेल, नाही, हा खोटं बोलतोय. तिने मान खाली घातली. गोठ्यात घातली होती तशीच. कंदील तेवढा नव्हता.

मग मी कुणाचं ऐकणार होते? मी तिचा हात धरला, पदर मागे केला आणि मनगट तिच्या मुलासमोर नेलं. म्हटलं, ही बघ चोरी. ही माशांची तोंडं बघ. यांनी या बांगड्या तुझ्या आईच्या हातात दिल्या, कापसात गुंडाळून, आणि तुझ्या आईने आमचं आयुष्य जाळलं. मग सगळं सांगितलं. गादी, तांब्या, 'होत्या', गोठा, पिंजण, माझ्या मुलीचं मोडलेलं लग्न. दारातल्या माणसांनी ऐकलं. मुलाने आईला विचारलं, "खरं आहे?" ती हो म्हणाली. इतक्या हळू म्हणाली, पण म्हणाली.

तो पोरगा दाराशी गेला आणि गल्लीतल्या लोकांना म्हणाला, "या माणसाने चोरी केलेली नाही. आमच्या घराने यांच्यावर आळ घेतला." आईकडे न बघता मोटारीत जाऊन बसला. ती त्याच्या मागोमाग गेली, भिंतीला धरत.

मी आत वळले. मला वाटलं, आता तरी हा माणूस मोकळा श्वास घेईल. घुम्या म्हणाला, "तिच्या पोराचं तोंड पाहिलंस तू?" मी म्हटलं, माझ्या मुलीचं तोंड पाहिलं होतंत का तुम्ही? तो म्हणाला, "इतकी वर्षं सांभाळलं. तू उसवलंस." आणि भिंतीकडे वळला.

त्यानंतर बरेच दिवस तो होता. मी भरवलं की खायचा, पाणी दिलं की प्यायचा. माझ्याकडे बघितलं नाही. मी रागावले, ओरडले, एकदा पायही धरले. नाही. चोराचा डाग पुसून तो गेला. अंत्ययात्रेला आख्खी गल्ली आली, वखारीतली माणसं आली, सगळे म्हणत होते, देवमाणूस होता.

मला म्हणतात, मावशी, तुम्ही त्यांचं नाव राखलंत. राखलं, आणि परत वेळ आली तर परत तेच करीन. पण ते नाव त्याला नको होतं. त्याला मी गप्प बसलेली हवी होते. त्या बाईला दोनदा माफ केलं त्याने, आणि मला एकदाही नाही.